किनारकरांची कुळे

मराठी माणसाचे आडनाव पुष्कळदा आडनाव नसून पत्ता असतो. गावाच्या नावाला 'कर' जोडला की माणसाची ओळख पुरी झाली, असे आपल्या पूर्वजांनी ठरवून टाकले. माणूस गावातच राहत होता तोवर या ओळखीचा त्याला फारसा उपयोग नव्हता, कारण तेथे सारेच त्या गावचे. तो गाव सोडून निघाला तेव्हाच 'कर' झाला. पत्ता सुटला आणि आडनाव चिकटले. पुढे पिढ्या लोटतात, आणि ज्या गावाची वाटही धड ठाऊक नाही त्या गावाचे नाव आपण रोज सही करताना निमूटपणे गिरवीत राहतो. आमचेही तसेच आहे. आजोबांनी रत्नागिरी जिल्ह्यातील ते गाव सोडले, वडिलांची हयात जबलपुरास रेल्वेत गेली, आणि आम्ही कोलकात्यास केंद्र सरकारच्या एका कचेरीत कारकुनी करतो. आडनावातले गाव आम्ही आयुष्यात दोनदा पाहिले, तेही पाहुणे म्हणून.

या गोष्टीकडे आमचे लक्ष वेधले ते मात्र माश्यांनी. वाचकांना नवल वाटेल; म्हणून थोडा खुलासा करणे प्राप्त आहे.

आम्ही प्राणिशास्त्राचे पदवीधर. त्या पदवीचा आणि आमच्या नोकरीचा संबंध इतकाच, की नोकरीच्या अर्जासोबत पदवीची नक्कल जोडावी लागली. परंतु नियतीने त्यातही एक थट्टा करून ठेवली आहे. आमच्याकडे काम आले ते अभिलेखांचे, म्हणजे जुन्या फायलींच्या वर्गवारीचे. जी कायम जपावयाची आणि जिची सूक्ष्मचित्रेही घ्यावयाची ती 'अ' वर्गात, जी जपावयाची परंतु सूक्ष्मचित्रे नकोत ती 'ब' वर्गात, आणि जी ठरावीक मुदतीनंतर नष्ट करावयाची ती 'क' वर्गात. ही सचिवालयीन रीत दीर्घकाळ चालत आलेली आहे. दिवसभर हेच करीत बसल्यावर जगात इतर लोक वर्गवारी कशी करतात याविषयी कुतूहल वाटू लागते. शिवाय कोलकाता हे या कुतूहलाला अनुकूल शहर आहे. भारतीय प्राणी सर्वेक्षण 1916 मध्ये येथेच स्थापन झाले. त्याच्याही आधी ब्रुनेटी नावाचे एक इंग्रज गृहस्थ या शहरात येऊन राहिले होते. पेशाने ते संगीतकार. परंतु हिंदुस्थानातील माश्यांवर त्यांनी जे ग्रंथ लिहिले ते आजही चाळले जातात. वाद्ये वाजवून पोट भरणारा मनुष्य माश्यांची कुळे लावू शकतो, तर फायली लावणाऱ्याने निदान ती वाचावयास काय हरकत आहे, असा विचार करून आम्ही रात्रीच्या जेवणानंतर माश्यांविषयी वाचू लागलो, आणि वाचता वाचता एका दूरच्या, थंड किनाऱ्यावर जाऊन पोचलो.

तो किनारा उत्तर अटलांटिकचा. ब्रिटन, आयर्लंड, स्कँडिनेव्हिया या बाजूंच्या थंड समुद्रात केल्प नावाचे मोठे तपकिरी शैवल वाढते. वादळ झाले की ते खडकापासून उखडते आणि लाटांबरोबर किनाऱ्यावर येऊन पडते. त्याचे लांबच लांब ढीग साचतात आणि सडू लागतात. आपल्या उष्ण किनाऱ्यांवर असे केल्प नाही. त्यामुळे त्या ढिगांची कल्पना आपल्याला उकिरड्यावरूनच करावी लागेल. बाहेर बोचरी थंडी असते, परंतु सडण्याच्या क्रियेने ढिगाच्या पोटात चांगलीच ऊब उत्पन्न होते. त्या उबेत केल्पमाशीच्या अळ्या वाढतात. सडक्या शैवलावर माजलेले सूक्ष्म जंतू हे त्यांचे अन्न. घर मात्र भाड्याचे, आणि मालक समुद्र. मोठी भरती आली की अख्खा ढीग वाहून जाण्याची भीती. तेव्हा अंडे, अळी, कोष आणि माशी हा सारा प्रपंच दोन मोठ्या भरतींच्या मधल्या अवकाशात उरकावा लागतो. बदलीची टांगती तलवार असलेल्या आम्हां सरकारी नोकरांना ही घाई समजावून सांगावी लागत नाही.

या माश्यांतली सर्वांत परिचित ती सीलोपा फ्रिजिडा. लिनीअसचा शिष्य फाब्रिशिअस याने 1805 मध्ये तिला 'फ्रिजिडा' म्हणजे शीत हे नाव दिले, आणि 1830 मध्ये मायगेन याने सीलोपा ही प्रजाती निर्माण केली. आयुष्याचा आरंभ उबेत करणाऱ्या प्राण्याला 'शीत' म्हणावे, हा पत्त्यावरून नाव ठेवण्याचाच प्रकार झाला. किनारा थंड, म्हणून माशीही थंड! तिची बहीण सीलोपा पिलिपेस. तिच्या नावाचा अर्थ केसाळ पायांची. हे नाव 1838 मध्ये आयर्लंडच्या हॅलिडे याने ठेवले, आणि ते पत्ता पाहून नव्हे, तर पाय पाहून ठेवले, एवढे त्याच्या पदरी पुण्य.

आता आमच्या कथेतील मुख्य मुद्दा. शैवलाच्या अशा एका ढिगाशी उभा राहून कुणी जाळे फिरवले, तर त्यात एकाच प्रकारच्या माश्या सापडतील असे नाही. सीलोपा तर सापडेलच. शिवाय ऑरिग्मा सापडेल, थोराकोकीटा सापडेल, फ्यूसेलिया सापडेल. जवळच्या वाळूत हेल्कोमायझा आणि हेटेरोकायला सापडतील. सामान्य माणूस या सर्वांना शैवलमाश्या म्हणेल, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. आपल्या रीतीने बोलायचे तर त्या साऱ्या 'किनारकर'. परंतु एका गावचे सगळे 'कर' एका घराण्याचे नसतात, हे कोणत्याही कुलवृत्तांताचे पहिले पान सांगेल. येथेही तेच. थोराकोकीटा ही शेणावरच्या लहान माश्यांच्या, म्हणजे स्फेरोसेरिडीच्या कुळातील. फ्यूसेलियाचे आप्त शेतात राहतात. कोबीची मुळे पोखरणारी माशी तिच्या भाऊबंदांपैकी. हेल्कोमायझाचे कुल वेगळे. हेटेरोकायलाला तर बराच काळ कधी या घरात, कधी त्या घरात ठेवीत असत. अखेर 1991 मध्ये तिला स्वतःचे निराळे कुल मिळाले, आणि त्या कुळात जाती दोनच, एक युरोपातली आणि एक प्रशांत महासागराकाठची. एका ढिगात सहा कुळे.

हे वाचताना आम्हांला आमच्या सरकारी वसाहतीची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. टाईप दोनच्या इमारतीत आम्ही सहा बिऱ्हाडे राहतो. सहा प्रांतांचे सहा कारकून. परंतु प्रत्येकाच्या घरी तेच लोखंडी कपाट, तोच सरकारी रंग, तीच गॅलरीतली तुळस, त्याच वेळी सुटणारी कुकरची शिटी. बाहेरचा माणूस जिन्यावरून डोकावला तर सहाही घरे एकाच कुटुंबाची समजेल. जागा माणसाला आपल्या मापाने घडवते.

माश्यांनाही ती घडवते, आणि ऑरिग्माची हकिकत त्याचाच पुरावा आहे. ऑरिग्मा लुक्टुओसम ही आपल्या प्रजातीतली एकुलती एक जाती. तिच्या नावाचा अर्थ शोकाकुल. अंगाने चपटी, रंगाने काळसर, पाय राठ. राहणे शैवलाच्या ढिगात. सीलोपाही चपटी, सीलोपाचेही पाय राठ, सीलोपाचेही घर तेच. साहजिकच शास्त्रज्ञांनी ऑरिग्माला दीर्घकाळ सीलोपाच्याच कुळात, सीलोपिडीत, जमा धरले होते. पुढे कुणी तिच्या अंगाकडे अधिक बारकाईने पाहिले. शैवलाच्या थरांत शिरावयाचे तर अंग चपटे हवे, ओल्या खाऱ्या पसाऱ्यात वावरावयाचे तर पाय दणकट हवेत. ही लक्षणे ढिगाने दोघींनाही सारखीच दिलेली होती. जे ढिगाने दिले त्यावरून कुळाचा निर्णय कसा करणार? निर्णय करावयाचा तो अशा खुणांवरून, की ज्यांच्याशी ढिगाला काही कर्तव्य नाही. सेप्सिडी नावाचे एक कुल आहे. त्यातील माश्या सडपातळ, मुंगीच्या बांध्याच्या, शेणावर पंख हलवीत फिरणाऱ्या. त्या कुळाची एक खूण मोठी मौजेची आहे. छातीच्या मागच्या श्वासरंध्राच्या कडेवर एखादा राठ केस उभा असतो. अशा बारीकसारीक खुणा जुळवीत जाता ऑरिग्मा सेप्सिडीची ठरली. 2002 मध्ये मायर आणि वीगमन या संशोधकांनी शरीराची लक्षणे आणि डीएनए दोन्ही एकत्र मांडून सीलोपिडीची वंशावळ तपासली. आज ऑरिग्मा सेप्सिडीतच गणली जाते. तशी ती अगदीच परक्या घरची नव्हे, दोन्ही कुळे एकाच अतिकुलात मोडतात. परंतु चुलत घर ते चुलत घर.

चपटे अंग डोळ्यांत भरते आणि केस भिंगाशिवाय दिसत नाही. कुळाचा पुरावा मात्र केसातच होता.

याची दुसरी बाजूही तितकीच बोलकी आहे. सीलोपिडीचे खरे सगेसोयरे शोधीत गेलो तर ते किनाऱ्यावरच भेटतात असे नाही. सायोमायझिडी हे त्यांच्याच अतिकुलातील एक कुल. त्यांच्या अळ्या दलदलीत गोगलगायी मारून खातात. प्रत्यक्ष सीलोपिडीचे बहुतेक वंश तर ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या बाजूस आहेत. न्यूझीलंडच्या दक्षिणेकडील वादळी बेटांवर इकॅरिडियन नावाची त्यांची एक शाखा आहे. तिला उडण्याजोगे पंखच नाहीत. वाऱ्याने समुद्रात नेऊन टाकण्यापेक्षा पंख नसलेले बरे! ती आणि फ्रिजिडा एका ओळीत ठेवल्या तर कुणी त्यांना एका घराण्याच्या म्हणणार नाही. परंतु आहेत. या दक्षिणेकडील घराण्याची शिस्तवार मांडणी 1991 मध्ये सिडनीच्या ऑस्ट्रेलियन म्युझियममधील डेव्हिड मॅकाल्पाइन यांनी केली. त्यांनी एका प्रजातीचे नाव 'थिस' असे ठेवले. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ वाळूचा ढीग किंवा समुद्रकिनारा. रोमन लिपीत मात्र ते इंग्रजीतील 'हा' या शब्दासारखे दिसते, आणि ज्यांचे आयुष्य इंग्रजी टिपणे लिहिण्यात गेले त्यांना ते वाचून हसू आवरत नाही.

याच मॅकाल्पाइननी 2007 मध्ये टेथिनिडी हे किनाऱ्यावरील माश्यांचे एक कुल कॅनॅसिडी या दुसऱ्या कुळात विलीन केले. आमच्या एका सहकाऱ्याला हे सांगितले तेव्हा त्याने विचारले, "माश्यांना काय फरक पडला?" काहीच नाही. काही खात्यांत लोअर डिव्हिजन क्लार्कला कनिष्ठ सचिवालय साहाय्यक म्हणू लागले, तेव्हाही त्याचे टेबल तेच राहिले होते. परंतु नाव बदलल्याने वस्तू बदलत नसली, तरी चुकीच्या नावावरून काढलेला निष्कर्ष चुकतो. त्याचे एक उदाहरण आमच्या मनात घर करून बसले आहे.

वर जिचा उल्लेख केला ती थोराकोकीटा. तिच्यातली झॉस्टेरी नावाची जाती समुद्राकाठच्या शैवलात राहते, म्हणून इंग्रजीत तिचे नाव शैवलमाशी असेच रूढ आहे. इंग्लंडात पुरातत्त्ववेत्त्यांना समुद्रापासून दूर, देशाच्या आतल्या भागात, मध्ययुगीन शौचकूपांच्या गाळात तिचे कोष सापडू लागले. शैवलमाशी, आणि किनारा तर कोठेच नाही. मग शैवल तेथे कुणी वाहून नेले, कशासाठी नेले, असे कोडे पडले. 1998 मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी त्या कोषांतील कार्बन आणि नायट्रोजन यांच्या समस्थानिकांची तपासणी केली. प्राण्याने जे खाल्ले त्याची नोंद त्याच्या अंगात राहते. समुद्रातले अन्न निराळी खूण ठेवते, जमिनीवरचे निराळी. या कोषांनी जमिनीची साक्ष दिली. त्या माश्यांनी शैवल खाल्लेलेच नव्हते. शैवल कुणी आणले नव्हते. माशीच आत येऊन, त्या शौचकूपात, परमुलखातल्या अन्नावर नांदली होती. तेथेच तिच्या पिढ्या झाल्या. समुद्राचे पाणी त्यांच्या अंगाला लागलेले नव्हते. आणि तरीही कुळाने त्या थोराकोकीटाच. केसभरही निराळ्या नव्हेत.

ती हकिकत वाचून आम्ही पुस्तक मिटले आणि बराच वेळ तसेच बसून राहिलो. कारण त्याच आठवड्यात आमच्या मेजावर कन्येच्या शाळाप्रवेशाचा अर्ज पडलेला होता, आणि त्यातला एक रकाना रिकामा होता. रकाना होता मातृभाषेचा.

आमची कन्या साडेपाच वर्षांची आहे. ती कोलकात्यातच जन्मली. शेजारच्या काकीमांकडे तिचा अर्धा दिवस जातो. ती "मी पाणी खाल्ले" म्हणते, कारण बंगालीत पाणी खातात. "मला भूक पावली" म्हणते, कारण बंगालीत भूक पावते. महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात ती असे बोलली तेव्हा सारे कौतुकाने हसले. तिच्या आईला मात्र ते हसू लागले. जबलपुराहून फोनवर आमच्या मातोश्री म्हणाल्या, "अरे, ही तर मराठी राहिलीच नाही." त्यांच्या आवाजात राग नव्हता, भय होते, आणि ते भय आम्हांलाही अपरिचित नाही. आमच्याही मराठीला जबलपुरात हिंदीचा वास लागला होता, आणि मुंबईची चुलतभावंडे त्यावरून आम्हांला हसत. तीन पिढ्यांत गाव गेले. आता चौथ्या पिढीत भाषा जाते की काय? अर्ज पुढ्यात घेऊन आम्ही कन्येलाच विचारले, "तुझी भाषा कोणती ग?" ती क्षणाचाही विचार न करता म्हणाली, "बांग्ला!" आमच्या सौ. उठून स्वयंपाकघरात गेल्या.

कारकुनाला रिकामा रकाना सहन होत नाही, आणि खोटा भरलेला रकाना त्याहून सहन होत नाही. आमच्या सेवापुस्तिकेत असाच एक रकाना आहे, गृहनगराचा. रजा-प्रवास सवलतीसाठी प्रत्येक केंद्रीय कर्मचाऱ्याला तो भरावा लागतो. नियम असा, की एकदा घोषित केलेले गृहनगर अंतिम. अपवादात्मक परिस्थितीत खातेप्रमुखांच्या मान्यतेने ते बदलता येते, परंतु साऱ्या नोकरीत एकदाच. तेथे आम्ही जबलपूर लिहिले होते. वडिलांना ते रुचले नाही. आडनावातल्या गावाला आपण कागदोपत्री पारखे झालो, असे त्यांना वाटले. परंतु तो प्रश्न पत्त्याचा होता. आईवडील जेथे राहतात, सुटीत पाय जिकडे वळतात, ते कोठे, एवढेच सरकार विचारीत होते. मातृभाषेचा प्रश्न तसा नव्हे. तो विचारतो, तू कोणाची?

थोराकोकीटाने आम्हांला शिकवले ते हे, की हे दोन प्रश्न आहेत, आणि दोहोंची उत्तरे एकाच वेळी खरी असू शकतात. कुणी समस्थानिके तपासली असती तर त्या माशीला परमुलखातली ठरवले असते, आणि ते खरे होते. कुणी भिंगाखाली खुणा पाहिल्या असत्या तर तिला आपल्या कुळातली ठरवले असते, आणि तेही खरे होते. परमुलखात जे खाल्ले त्याची लाज नाही. त्यावरच तर अंग वाढले. आमची कन्या मोहरीच्या तेलातली मासळी खाऊन वाढते आहे, रवींद्रनाथांच्या भाषेत खेळते आहे. ते तिच्या अंगी उतरणारच, आणि उतरावेही. घोटाळा होतो तो एका उत्तराने दुसरे खोडू पाहिले म्हणजे. मातोश्रींचा घोटाळा तोच होता. त्या पोरीचे चपटे अंग पाहत होत्या.

म्हणून आम्ही केस शोधू लागलो. चार दिवस तिच्याकडे नुसते लक्ष ठेवले. खेळताना ती बंगाली, भांडताना बंगाली, बाहुलीला निजवताना बंगाली. पाचव्या दिवशी संध्याकाळी जिन्यात तिच्या पायाला ठेच लागली. काकीमा जवळच होत्या, मैत्रिणी होत्या, सारे बंगालीच चालले होते. अंगठा दोन्ही हातांनी धरून ती खाली बसली आणि ओरडली, "आई ग!"

भाषा ही रक्तातून येत नाही, हे आम्ही जाणतो. माशीचा केस आपसूक उगवतो. 'आई ग' कुणी तरी शिकवावे लागते, रोज कानावर घालावे लागते, आणि घालणारे कान सोडून निघून गेले तर ते मिटूनही जाते. माशीच्या कुळाची चिंता निसर्ग करतो. आमच्या कुळाची चिंता रात्री निजताना सांगितलेल्या गोष्टीवाचून करणारे कुणी नाही. तेव्हापासून आम्ही जेवणानंतरचे वाचन अर्धा तास पुढे ढकलले आहे. त्या अर्ध्या तासात आम्ही तिला मराठीत गोष्ट सांगतो. मध्येच उठून ती पाणी खाऊन येते. आम्ही तिला अडवीत नाही.

अर्जात मातृभाषेच्या रकान्यात आम्ही 'मराठी' लिहिले. खाली अवगत असलेल्या इतर भाषांसाठी एक ओळ होती. तेथे 'बंगाली' लिहिले, तेही तितक्याच वळणदार अक्षरात. सौ.नी दोन्ही ओळी वाचल्या आणि सहीसाठी पेन आमच्या हाती दिले.